पूर्वेचा मोती आणि ग्वाल्हेरचे माधवराव

पुण्यात नुसतं माधवराव म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, थोरले की सवाई? मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ते तिसरेच. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. पेशवे नव्हेत, पेशव्यांच्या सरदारांच्या घराण्यातले. जन्म २० ऑक्टोबर १८७६, मृत्यू ५ जून १९२५, आणि तोही थेट पॅरिसमध्ये! आजचे ज्योतिरादित्य शिंदे हे त्यांचे पणतू.

आता मेकॅनिकलच्या पोरीला एकदम महाराजांचा पुळका कसा काय आला, असं कुणी विचारेलच. तर मित्रांनो, खरं म्हणजे मला लिहायचं होतं जुन्या गाड्यांच्या रॅल्यांवर आणि त्यात गाडी उतरवायला आजकाल जो खर्च येतो त्यावर. वाचता वाचता १९०८ सालापाशी अडकले. आपल्याच मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या बाजूला त्या वर्षी एक मोटार स्पर्धेत उतरली, जिंकली आणि एका मराठी माणसाने ती विकत घेतली. तो माणूस हा. मग गाडी राहिली बाजूला आणि माणूसच डोक्यात बसला.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे पाटील. राणोजी शिंदे बाजीरावांच्या पदरी चढले, महादजींनी तर दिल्लीपर्यंत दरारा बसवला. महादजी १७९४ साली वारले ते आपल्या वानवडीत. तिथली शिंदे छत्री आपल्यापैकी निम्म्या लोकांनी फक्त बसच्या पाटीवर वाचलेली असते. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे हेन्रीच्या सहा राण्या आणि फ्रेंच राज्यक्रांती, त्यामुळे शिंदे म्हणजेच सिंदिया हे मला अकरावीत कळलं! असो. त्या छत्रीची जी देखणी इमारत आज दिसते ती महादजींच्या काळातली नाही. महादजींनी तिथे शंकराचं देऊळ बांधलं होतं, स्मारकाची इमारत बऱ्याच नंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, याच माधवरावांनी उभी केली. म्हणजे पुण्यात त्यांची खूण आहे, आपल्याला फक्त माहीत नसते.

माधवराव दहा वर्षांचेही नव्हते तेव्हा, १८८६ च्या जूनमध्ये, त्यांचे वडील जयाजीराव गेले. एकवीस तोफांच्या सलामीचं संस्थान आणि मालक चौथी-पाचवीतला मुलगा. कारभार पाहायला कौन्सिल नेमलं गेलं आणि पूर्ण अधिकार मिळेपर्यंत १८९४ साल उजाडलं. वडिलांनी त्यांच्यासाठी ठेवलेला जयविलास महाल प्रसिद्धच आहे. दरबार हॉलमधली झुंबरं साडेतीन टनांची, आणि ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते म्हणे. लोड टेस्टिंगची ही पद्धत आपल्या सिलॅबसमध्ये यायला हवी, व्हायव्हाला मजा येईल.

पण या मुलाला झुंबरांपेक्षा यंत्रांचं वेड. आपल्याकडे एखादा पोरगा कसा मिक्सर उघडून बसतो, तसं. फरक एवढाच की याच्या हाताशी आख्खं संस्थान होतं. त्यांनी दोन फुटी गेजची, म्हणजे ६१० मिलीमीटरची, रेल्वे टाकली. आधी हौस म्हणून, मग खऱ्या प्रवाशांसाठी. १८९९ च्या सुमारास ती भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली, १९०९ पर्यंत श्योपूरला पोचली. ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ दोनशे किलोमीटर. महाराज स्वतः इंजिन चालवत, असं सांगतात. ही छोटी गाडी २०२० पर्यंत चालू होती, बरं का! ब्रॉडगेज करायचं म्हणून बंद झाली. एकशेवीस वर्षं टिकलेला छंद मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

दुसरी गाडी जेवणाच्या टेबलावर. चांदीची, विजेवर चालणारी, सात डबे, आणि प्रत्येक डब्यावर इंग्रजीतलं एकेक अक्षर मिळून घराण्याचं नाव. ती रुळांवरून पाहुण्यांसमोर ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरायची. कुणी बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. इलेक्ट्रिकलवाल्यांनी सर्किट काढून बघावं, फार अवघड नाही. एकदा बड्या पाहुण्यांसमोर शॉर्ट सर्किट होऊन गाडी वेड्यासारखी सुटली आणि खाणंपिणं पाहुण्यांच्या अंगावर उडालं, अशी गोष्ट सांगतात. खरी की तिखटमीठ लावलेली ते सोडून द्या, गाडी मात्र ग्वाल्हेरच्या महालात आजही आहे.

तर आता १९०८. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट या मॉडेलचं तेव्हा नुकतंच नाव होऊ लागलं होतं. सहा सिलिंडर, सात लिटरचं इंजिन, आणि ताकद सुमारे ४८ हॉर्सपॉवर. (आपल्या आजच्या छोट्या हॅचबॅकमध्ये याहून जास्त असते आणि इंजिन एक लिटरचं. शंभर वर्षांत मेटलर्जी आणि कम्प्रेशन रेशो कुठे पोचले बघा.) आदल्या वर्षी, १९०७ मध्ये, कंपनीने इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर ही गाडी १४,३७१ मैल इंजिन बंद न पडता चालवून दाखवली होती. पण इंग्लंडचे रस्ते वेगळे आणि आपले वेगळे. हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकाला पटवायचं तर हिंदुस्थानातच चालवून दाखवायला हवी. म्हणून एक गाडी जहाजातून मुंबईला आली आणि मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाच्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. सुमारे ६२० मैल, सहा घाट. गाडीचं नाव पर्ल ऑफ द ईस्ट, म्हणजे पूर्वेचा मोती.

मुंबईहून कोल्हापूरला जायचं तर पुणं टळत नाही. बोरघाट चढायचा, मग कात्रज, मग खंबाटकी. आज सहा पदरी हायवे आणि बोगदा असूनही खंबाटकीत ट्रक तापून बाजूला लागलेले आपण बघतो. तेव्हा डांबर नाही, पेट्रोलपंप नाही, पेट्रोल डब्यांमधून न्यायचं, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. घाट चढणं एकवेळ ठीक, उतरणं हीच खरी परीक्षा. या चाचण्यांना रिलायबिलिटी ट्रायल म्हणत. कोण पहिला पोचला याला महत्त्व नसे, कोण न थांबता, न बिघडता पोचला ते बघत. पूर्वेच्या मोत्याने ते करून दाखवलं, बक्षीस घेतलं, आणि माधवराव शिंद्यांनी ती गाडी विकत घेतली.

इथे मला हिशोब करायचा मोह आवरला नाही. सिल्व्हर घोस्टची नुसती चासी ९८५ पौंडांना मिळायची. नुसती चासी हं, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. वरची बॉडी कोचबिल्डरकडून वेगळी करून घ्यायची, तिचे पैसे वेगळे, जहाजाचं भाडं वेगळं. तेव्हा एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. म्हणजे चासीचेच १४,७७५ रुपये. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हाचा पौंड ही सोन्याची गिनी होती, आणि प्रत्येकीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. ९८५ गिन्या म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. आजचा सोन्याचा भाव लावून ज्याने त्याने गुणाकार करावा आणि मग पाणी प्यावं.

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. १९०८ साली स्पर्धेत गाडी उतरवण्याचा खर्च कुणी केला? विकणाऱ्याने! जहाज, ड्रायव्हर, पेट्रोल, टायर, सगळं. कारण ती चाचणी म्हणजे त्याची जाहिरात होती आणि शेवटी एखादा महाराजा गाडी घेणार याची आशा होती. बघणाऱ्यांना फुकट तमाशा, घेणाऱ्याला पारखलेली गाडी. आज उलटं झालंय. जुनी गाडी रॅलीत आणायची तर सगळा भार हौशी माणसावर. एकेकाळी तीच गाडी घरचा ड्रायव्हर चालवत आणायचा, आता ती ट्रकवर चढवून आणावी लागते, कारण वाटेत बंद पडली तर पार्ट मिळत नाही. टायरचे ते साइझ इथे कुणी बनवत नाही, बाहेरून मागवायचे. कार्ब्युरेटर जाणणारा मिस्त्री सत्तरीचा. त्यात कागदपत्रं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मोठे बदल न केलेली, खासगी गाडी असेल तर व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदवायची तर ५,०००. आणि अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आधी या गाड्यांना धड नियमच नव्हता, प्रत्येक आरटीओचा कायदा वेगळा. ज्यांची जुनी नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, हेही चांगलं. पण वीस हजार ही रक्कम रोल्स रॉइसवाल्याला आणि आजोबांची फियाट सांभाळणाऱ्या मास्तरांना सारखीच! जावा-येझदी जपणारी पेठेतली माणसं मी बघितलीत. त्यांच्यासाठी रॅलीत उतरणं म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडणं. हळूहळू ही माणसं येईनाशी होतील आणि मैदानात फक्त बंगलेवाल्यांच्या चकचकीत गाड्या उरतील. आपल्या विद्यार्थी स्पर्धांचंही तेच चाललंय ना? स्वतः बनवलेली गाडी घेऊन जायची तर रजिस्ट्रेशन, ट्रक, राहणं, सेफ्टीचं सामान. आमच्या क्लबात यंदा दोन मुलं वेल्डिंगमध्ये सगळ्यात हुशार होती आणि वर्गणी परवडेना म्हणून टीमच्या यादीत आलीच नाहीत. त्यांच्या हातचे जोड मात्र गाडीत आहेत.

तर आपण होतो माधवरावांपाशी. हा माणूस नुसता हौशी असता तर मी एवढं लिहिलं नसतं. त्याच सुमाराला टाटांना पोलाद कारखाना काढायचा होता. १९०७ मध्ये शेअर्स विकून भांडवल उभं राहिलं, पण कारखाना चालवायला खेळतं भांडवल लागणार होतं, ४ लाख पौंडांचं. त्यासाठी काढलेले सगळेच्या सगळे डिबेंचर एकट्या माधवरावांनी घेतले. ४ लाख पौंड म्हणजे ६० लाख रुपये, किंवा आपल्या गिनीच्या हिशोबाने जवळजवळ तीन टन सोनं! चारेक वर्षांत, १९१२ च्या फेब्रुवारीत, साकची इथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद निघालं. आपल्या वर्कशॉपमध्ये टाटाच्या पट्ट्या कापताना हे आठवून बघा. एका बाजूला ९८५ पौंडांची चासी, दुसऱ्या बाजूला चार लाख. मोटार घेतली म्हणून त्यांना नावं ठेवायची तर दुसरा आकडाही तोंडाने उच्चारला पाहिजे.

अर्थात हे पैसे आले कुठून, हा प्रश्न उरतोच. शेतसाऱ्यातून आले. माळव्यातल्या आणि चंबळच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तुझ्या साऱ्याची मोटार घेऊ की पोलाद? माझा एक बॅचमेट म्हणतो की राजेलोकांचं कौतुक लिहूच नये. मला ते पटत नाही, पण त्याचा मुद्दा खोडताही येत नाही.

धरणांचंही त्यांना वेड होतं आणि तिथे तर आपल्या पुण्याचाच संबंध येतो. विश्वेश्वरय्या आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे विद्यार्थी. त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दार स्वतःच उघडणार, माणूस लागत नाही. तीच पद्धत पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर वापरली गेली. पण दारं चांगली असून भागत नाही. खालच्या वालुकाश्मात पाणी मुरलं आणि १९१७ मध्ये ते धरण फुटलं. सिव्हिलवाले फाउंडेशन फेल्युअरच्या धड्यात हे शिकतात का माहीत नाही, शिकायला हवं. धरण पुन्हा बांधून झालं तोवर माधवराव हयात नव्हते.

फसलेले उद्योग आणखीही आहेत. आफ्रिकेतून सिंह आणून त्यांनी शिवपुरी-श्योपूरच्या जंगलात सोडले. सिंहांनी जंगलातली शिकार सोडून गुरं आणि माणसं धरायला सुरुवात केली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. २०२२ मध्ये चित्ते आणून सोडले ते कुनो त्याच भागात आहे. सिंहांच्या गावच्या लोकांना कुणी विचारलं होतं का, हा वरचाच प्रश्न इथेही आहे.

घरच्या आघाडीवर त्यांचं नशीब फार बरं नव्हतं. पहिल्या राणीला मूल झालं नाही. मग बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे हिच्याशी लग्न ठरलं. तयारी सुरू झाली आणि १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी इंदिराराजेंनी चक्क स्वतःच पत्र लिहून लग्न मोडलं! त्यांचं मन कूचबिहारच्या राजपुत्रावर होतं. त्या काळात एका मराठा राजकन्येने हे करावं म्हणजे केवढी हिंमत. (मुलींच्या हॉस्टेलतर्फे सलाम.) माधवरावांनी याचा फारसा तमाशा केला नाही, हेही त्यांच्या बाजूने लिहायला हवं. पुढे त्यांचं लग्न गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी झालं. त्यांना झालेल्या मुलांची नावं ऐकून हसू येतं, जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे! इंग्लंडच्या राजाराणीची नावं पुढे लावलेली. इंग्रजांशी त्यांचं सख्य इतकं की १९०० मध्ये चीनमध्ये लढाई पेटली तेव्हा हॉस्पिटलचं जहाज सज्ज करून देऊन ते स्वतः तिकडे गेले होते. आज आपल्याला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

पण हाच माणूस पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या बरोबरीने उभा राहिला. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, तीही प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. म्हणजे इंग्रज राजपुत्राकडून शिवाजी महाराजांच्या स्मारकाचा दगड बसवून घेतला! याला चलाखी म्हणायची की लाचारी यावर आमच्या मेसमध्ये एक रात्र वाद झाला आणि भात संपला. तो अश्वारूढ पुतळा करमरकरांनी घडवला, एकसंध ओतीव काम, आणि १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. शाहू महाराज १९२२ ला गेले होते, माधवराव १९२५ ला. दोघांनीही तो बघितला नाही.

कारभारात ते फार बारीक होते. कोणत्या खात्याने काय करावं याचे नियम त्यांनी स्वतः लिहून काढले, दरबार पॉलिसी नावाने त्याचे खंड आहेत. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे किल्ल्यावरची सिंदिया स्कूल झाली. सरदारांच्याच मुलांसाठी का, असं आज कुणीही विचारेल.

आणि १९०५ च्या सुमारास त्यांनी ग्वाल्हेरला एक जत्रा सुरू केली, गुराढोरांची. चांगली जनावरं एका जागी यावीत, शेतकऱ्याने बघून घ्यावीत, असा साधा हेतू. ही जत्रा आजही दर हिवाळ्यात भरते आणि तिला ग्वाल्हेर व्यापार मेळा म्हणतात. तिथे आता सगळ्यात जास्त गर्दी असते ती गाड्यांच्या मंडपांत! कारण मध्य प्रदेश सरकारने अलीकडच्या कित्येक वर्षी मेळ्यात घेतलेल्या वाहनाच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट दिली आहे. लोक लांबून येतात आणि नवी गाडी घेऊन जातात. बैल बघायच्या मैदानात मोटारी, आणि खर्च कमी व्हावा म्हणून झालेली गर्दी. पूर्वेचा मोती विकत घेणाऱ्याची जत्रा स्वस्त मोटारीसाठी प्रसिद्ध व्हावी, हे मला फार आवडलं.

पॅरिसमध्ये गेले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. तिथेच दहन झालं आणि अस्थी शिवपुरीला आणल्या. तिथे त्यांची संगमरवरी छत्री आहे, आणि तलावापलीकडे समोरच त्यांच्या आईची. मुलगा जिवाजीराव तेव्हा आठ वर्षांचा होता, जवळपास वडिलांना गादी मिळाली त्याच वयाचा. पुन्हा एकदा कौन्सिल बसलं, पुन्हा एक लहान मुलगा झुंबरांखाली वाढला, आणि चांदीची गाडी टेबलावर तशीच फिरत राहिली.